माशाच्या डोक्यावरचा दिवा

गेल्या आश्विनातली गोष्ट. तालुक्याची बैठक संपली, चहा आला आणि मागच्या सतरंजीवर बसलेले एक काका उठून जवळ आले. त्यांचे वावर गावच्या वेशीला लागून आहे आणि वेशीवर दोन वर्षांपूर्वी हायमास्ट दिवा लागला. (कोणाच्या निधीतून लागला ते खांबावरच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलेले आहे. वावरात काय झाले ते कुठल्याही पाटीवर नाही.) काका म्हणाले, "भाऊ, बाकी सारं सोयाबीन पिवळं पडलं, पानं गळाली, सोंगाले आलं. अन् दिव्याच्या अंगाची सात-आठ तासं अजून हिरवीगार हायेत. वाढली कमरेएवढी, पन शेंगा पाहाले गेलं तं नावाले. खत तं सारखंच टाकलं होतं. हे काय लफडं आहे?"

लफडे दिव्याचेच होते. सोयाबीन दिवसाची लांबी मोजते असे आपण बोलतो, प्रत्यक्षात ते रात्र मोजते. रात्र पुरेशी लांब झाली की ते फुलावर येते, शेंगा धरते, दाणा भरून वाळते. दिव्याने रात्र मोडली की झाडाच्या हिशेबी आषाढ अजून संपलेलाच नसतो. मग ते पाने आणि खोड वाढवत बसते. ही काही नवी विद्या नाही. गार्नर आणि अलार्ड या अमेरिकन कृषी खात्यातल्या दोघांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून १९२० सालीच हे छापले. सोयाबीनचा एकच वाण त्यांनी वेगवेगळ्या तारखांना पेरला, तरी फुले मात्र जवळपास एकाच सुमाराला आली.

एवढे सांगून मी चहा उचलला, तेवढ्यात एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "पण भाऊ, मोबाईलवर मी पाहिलं. तिकडं नॉर्वेत समुद्रात जाळीचे पिंजरे लावतात, त्यात रात्रभर दिवे सोडतात. दिव्यानं म्हणे मासा दुप्पट वाढते. इथं दिव्यानं पीक बुडालं अन् तिकडं दिव्यानं मासा वाढला. खरं काय धरायचं?"

प्रश्न चोख होता आणि उत्तर मी अर्धवट दिले. घरी येऊन निबंध काढले, पुन्हा वाचले. बैठकीत राहिलेले उत्तर आता इथे देतो. आपल्या वाचकांपैकी निम्म्यांच्या गळ्यात माळ आहे, त्यांनी घाबरू नये. मासा खायचा नाही, समजून घ्यायचा आहे.

नदीत जन्म, समुद्रात वाढ

हा मासा म्हणजे सॅमन, उत्तर अटलांटिक समुद्रातला. मुंबईच्या बाजारात रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणून विकतात, तो वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही. सॅमन शरदात नदीच्या गोड्या पाण्यात, गोट्यांच्या थरात अंडी घालतो. पिल्ले नदीतच एक वर्षापासून चार-पाच वर्षांपर्यंत काढतात, अंगावर आडवे पट्टे घेऊन. मग एखाद्या वसंतात दिवस वाढू लागला की पिल्लाचा कायापालट होतो. पट्टे जातात, अंग चांदीसारखे होते आणि कल्ले व मूत्रपिंडे आपले काम उलटे करतात. नदीच्या पाण्यात मीठ नाही, तिथे शरीराला मीठ धरून ठेवावे लागते. समुद्रात मीठच मीठ, तिथे ते बाहेर टाकावे लागते. अशा तयार झालेल्या पिल्लाला स्मोल्ट म्हणतात. हे दार काही आठवडेच उघडे असते. त्याआधी समुद्रात गेले तर पिल्लू मरते किंवा खुरटते. जास्त दिवस नदीत अडकले तर पुन्हा नदीचाच मासा होते.

वेळ झाली हे त्या पिल्लाला कळते कसे? पाण्याच्या उष्णतेचाही त्यावर परिणाम होतो, पण उष्णता फसवते. माघात एखादा आठवडा ऊबदार येतो आणि पुन्हा गारठा पडतो. दिवसाची लांबी मात्र कधी खोटे बोलत नाही. नॉर्वेच्या बर्गन शहरी डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो आणि जूनमध्ये एकोणीस तासांचा. त्याहून उत्तरेला तर कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही. आपल्याकडे नागपूरला हाच फरक पावणेअकरा ते साडेतेरा तास एवढाच. तरी आपली ज्वारी आणि तूर तो अचूक ओळखतात. मग ज्याचा दिवस तिपटीने लांबतो-आखडतो त्याने पंचांग त्यावरच बांधले तर नवल काय?

सॅमनच्या मेंदूवर, कवटीच्या पातळ हाडाखाली, पिनियल नावाची ग्रंथी आहे. डोळ्यांची मदत न घेता ती कवटीतून आलेला उजेड थेट जाणते. अंधार पडला की ती मेलाटोनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडते, उजाडले की थांबवते. रात्र किती लांब होती याची नोंद अशी रोज शरीरभर फिरते. शेतकऱ्याने पिंजऱ्यात दिवा सोडला म्हणजे या नोंदवहीत तो खोटी नोंद करतो. दिव्याची सारी करामत एवढीच.

खोटा हिवाळा

नॉर्वेत सॅमनची यशस्वी शेती सुरू झाली ती १९७० साली, हित्रा बेटावर. ग्रोन्तवेत नावाच्या दोन भावांनी आठ बाजूंचा तरंगता पिंजरा बांधला आणि त्यात पिल्ले सोडली. ही माणसे कुठल्या मोठ्या कंपनीची नव्हती. किनाऱ्यावरचे अनेक शेतकरी आणि मच्छीमार जोडधंदा म्हणून यात उतरले. त्याच वर्षी कॅनडात सॉन्डर्स आणि हेंडरसन या संशोधकांनी प्रसिद्ध केले की दिवसाची लांबी बदलली की पिल्लांची वाढ आणि त्यांचे स्मोल्ट होणे, दोन्ही बदलतात. वाणाची बाजू शेर्वोल आणि येद्रेम यांनी सांभाळली. शेर्वोल मूळचे गाईगुरांच्या पैदाशीतले. नॉर्वेच्या सुमारे चाळीस नद्यांतले मासे जमवून त्यांनी वाढीसाठी निवड सुरू केली आणि पुढे उशिरा वयात येणारे मासेही निवडले.

उबवणी केंद्रात काय करतात ते नीट पाहण्यासारखे आहे. पिल्ले खाऊ लागली की हौदावर चोवीस तास दिवे. पाणी थोडे गरम. पिल्लू झपाट्याने वाढते. मग एक दिवस दिवे बारा तासांवर आणतात, साधारण पाच-सहा आठवडे. हा खोटा हिवाळा. त्यानंतर पुन्हा चोवीस तास उजेड, आणखी पाच-सहा आठवडे. हा खोटा वसंत. पिल्लाला वाटते हिवाळा सरला, समुद्राला निघायची वेळ झाली, आणि ते पहिल्याच वर्षी शरदात स्मोल्ट होते. निसर्गाच्या उजेडावर ठेवले असते तर त्याच उबवणीतल्या पिल्लांना पुढच्या वसंतापर्यंत थांबावे लागले असते.

इथे एक गोष्ट आमच्यासारख्या कृषी पदवीधरांनीही लक्षात ठेवावी. नुसता उजेडच देत राहिले तर पिल्ले वाढतात, पण स्मोल्ट नीट होत नाहीत. काही आधी, काही मागून, काही अर्धवट. सगळी एकदम समुद्राजोगी व्हायला मधला अंधार लागतोच. म्हणजे अंधार हीसुद्धा तिथे एक निविष्ठा आहे. फरक इतकाच की ती बाटलीत भरून विकता येत नाही, त्यामुळे तिची जाहिरात कोणी करत नाही.

मासा दुप्पट वाढला का?

आता समुद्रातले दिवे. आपल्या तरुण मित्राने पाहिले ते हेच. आजचा मोठा पिंजरा म्हणजे दीडशे-एकशेसाठ मीटर घेराची गोल जाळी. कायद्याने त्यात दोन लाखांपेक्षा जास्त मासे ठेवता येत नाहीत, आणि एक घनमीटर पाण्यात २५ किलोपेक्षा जास्त वजनही नाही. मासा साधारण वर्ष-दीड वर्षात चार-पाच किलोचा होतो, मग काढतात.

अडचण अशी की त्याआधीच काही मासे वयात येतात. वयात आलेला सॅमन खाणे सोडतो, अंगातली चरबी आणि मांसाचा नारिंगी रंग अंड्यांत किंवा रेतात घालतो, नराचा जबडा आकडीसारखा वाकतो, कातडी काळपट पडते. बाजारात त्याची प्रत उतरते. खाद्याचा खर्च मात्र आधीच झालेला असतो, आणि या धंद्यात सर्वांत मोठा खर्च खाद्याचाच.

१९८० च्या दशकाच्या अखेरीपासून नॉर्वेत आणि स्कॉटलंडमध्ये पिंजऱ्यांवर हिवाळ्यात रात्रभर दिवे लावून चाचण्या झाल्या. १९९२ साली हान्सेन, स्टेफान्सन आणि तारांगेर यांनी समुद्री पिंजऱ्यातला असा एक प्रयोग छापला. स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठात आणि नॉर्वेच्या सागर संशोधन संस्थेत पुढे अशा कितीतरी चाचण्या झाल्या. सार असे की नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुमाराला दिवे लावून मे-जूनपर्यंत ठेवले तर वयात येणारे मासे बरेच कमी होतात आणि वाढ चांगली होते.

पण त्यातली मेख बघा. दिवे लावल्यावर पहिले दीड-दोन महिने, कधी त्याहून जास्त, वाढ उलट मंदावते. दिव्याखालचा मासा बिनदिव्याच्या माशामागे पडतो. मग वसंतात तो त्याला गाठतो आणि उन्हाळ्यात पुढे जातो. सहा आठवड्यांनी वजन करणाऱ्याने दिवे काढून फेकले असते, आणि फक्त उन्हाळ्यात वजन करणाऱ्याने दिव्याची आरती केली असती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, शेजारी बिनदिव्याचा पिंजरा ठेवून मोजले म्हणून खरे कळले.

उजेड असल्यामुळे मासा जास्त वेळ खाऊ शकतो हे आहेच, पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. माशाच्या अंगात वर्षाचे घड्याळ असते. हिवाळ्याच्या शेवटी त्यात एक निर्णयाची वेळ येते: यंदा अंडी धरायची की नाही? अंगात पुरेशी चरबी असेल तर होकार, नसेल तर पुढच्या वर्षी बघू. दिव्याने ते घड्याळ पुढे सरकते. निर्णयाची वेळ लवकर येते आणि तेव्हा बहुतेकांची चरबी पुरी झालेली नसते. मग मासा नकार देतो आणि खाल्लेले सारे अंगाला लावतो. दिव्याने मासा दुप्पट झाला हे मोबाईलवरचे बोलणे झाले. दिव्याने माशाचे लग्न एक वर्ष पुढे गेले, हे खरे.

आणि आता काकांच्या सोयाबीनकडे या. तिथेही दिव्याने नेमके हेच केले. लग्न लांबवले. पाने वाढली, खोड वाढले, शेंगा नाहीत. शरीरातली यंत्रे वेगळी आहेत, पण बाजारात दिसणारा परिणाम सारखाच. सॅमनवाला माशाचे अंग विकतो, पोटातली अंडी त्याला नको असतात, म्हणून त्याला दिवा लाभला. आपण सोयाबीनचे बी विकतो, अंग नव्हे, म्हणून आपल्याला तोच दिवा नडला. आपण त्या झाडाचे काय विकणार आहोत हे आधी विचारले तर दिवा चांगला की वाईट हा वादच उरत नाही. अंडी देणाऱ्या कोंबडीला सोळा तास उजेड देतात, कारण तिचे अंडेच विकायचे असते आणि लांब दिवस तिला अंड्यावर आणतो. शेवंतीवाले आधी रात्री बल्ब लावून दांडा लांबवतात आणि मग बल्ब बंद करून फूल काढतात. त्यांना अंगही हवे आणि फूलही, म्हणून ते दिवा लावतातही आणि काढतातही.

दिव्याखालचा अंधार

दिव्याची बाजू एवढी सांगितल्यावर दुसरीही सांगितली पाहिजे, नाहीतर माझ्यात आणि औषध विक्रेत्यात फरक राहणार नाही.

एक तर तोच दिवा परिस्थिती बदलली की उलटा फिरतो. जमिनीवरच्या हौदांत, पाणी १६ अंशांच्या आसपास गरम ठेवून चोवीस तास उजेड दिला तेव्हा लहान नरांपैकी पुष्कळसे समुद्र पाहण्याआधीच वयात आले. थंड समुद्रात हिवाळ्यात लग्न लांबवणारा उजेड गरम हौदात लग्न लावून देतो. मग "दिव्याने वयात येणे थांबते" हे वाक्य पाठ करून काय उपयोग? कोणत्या वयाला, किती गरम पाण्यात, कोणत्या महिन्यात, हे त्याला जोडल्याशिवाय त्याचा अर्थच लागत नाही.

दुसरे हाडांचे. सतत उजेडात झपाट्याने वाढवलेल्या माशांच्या मणक्याचे हाड काही चाचण्यांत कमकुवत निघाले. मांस पुढे धावले, सांगाडा मागे राहिला. खाद्यात स्फुरद किती, यावरही ते अवलंबून असते. ज्याने कपाशीला नत्राचा मारा करून झाड लवलवीत वाढवले आणि मग वाऱ्याने लोळलेले पाहिले, त्याला हे वेगळे समजावायला नको.

तिसरी गोष्ट समुद्री उवांची. सॅमनच्या अंगाला चिकटून कातडी खाणारी ही ऊ त्या धंद्यातली बोंडअळीच म्हणा. माशाला चिकटायला निघालेली तिची पिल्ले बहुतेक पाण्याच्या वरच्या थरात असतात. मासे रात्री दिव्याभोवती गोळा होतात. दिवा पाण्याच्या तोंडाशी टांगला तर मासेही तिथे आणि उवाही तिथे. म्हणून दिवे खोल सोडायचा विचार पुढे आला, की मासे खाली राहावेत. काही ठिकाणी उपयोग झाला, काही ठिकाणी जेमतेम. पण मासे पिंजऱ्याच्या पूर्ण खोलीत पांगले, दाटी कमी झाली, हा फायदा मात्र दिसला. दिवा तोच, वॉट तेवढेच, दोरी चार-दहा मीटर लांब केली एवढेच. पैसे लागतात ते दिव्याला, डोके लागते ते दोरीच्या लांबीला.

आणि दिव्यांनी, चांगल्या वाणांनी, चांगल्या खाद्याने सारे सुरळीत झाले असेही समजू नका. २०२३ साली नॉर्वेच्या समुद्री पिंजऱ्यांत सहा कोटींहून जास्त सॅमन काढणीआधीच मेले, शंभरात सोळांहून अधिक. त्याचे खापर दिव्यावर फोडता येणार नाही. कल्ल्यांचे रोग, जखमा, उवा काढण्यासाठी माशांची होणारी ओढाताण अशी कारणे आहेत. पण जनावर जितके घाईने वाढवावे तितकी चूक महाग पडते, एवढे तर म्हणता येईल.

उजेडाचा पैसा कोणाच्या खिशात

दिव्याचा आणखी एक उपयोग जीवशास्त्राच्या निबंधात नसतो. पूर्वी सगळी पिल्ले वसंतातच समुद्रात जायची. सगळ्यांचे मासे एकाच सुमाराला मोठे व्हायचे आणि वयात यायच्या आत सगळ्यांनाच ते काढावे लागायचे. म्हणजे बाजारात एकदम लोट. खोट्या हिवाळ्यामुळे पिल्ले वसंताबरोबर शरदातही सोडता आली, समुद्रातल्या दिव्यांमुळे काढणीची घाई कमी झाली, आणि मासा वर्षभर थोडा थोडा बाजारात नेता येऊ लागला.

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत जिनिंगच्या दारात गाड्यांची रांग लावणाऱ्या कापूसवाल्याला याचे मोल कळेल. एक फरक आहे. कापूस नासत नाही, तो घरात ठेवता येतो, वेचून झाल्यावर त्याला वय नसते. तरी आपण थांबू शकत नाही. सॅमनवाल्याला घाई मासा लावत होता, आपल्याला घाई सावकार आणि सोसायटीचा हप्ता लावतो. त्याची घाई दिव्याने गेली. आपल्या घाईवर चालेल असा दिवा मी तरी अजून कुठल्या प्रयोगशाळेत पाहिला नाही.

नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी आधी दुसरा मार्गही करून पाहिला होता. १९७८ साली त्यांनी स्वतःचा विक्री संघ काढला. पहिली विक्री त्याच्यामार्फतच व्हायची, किमान भाव तो ठरवायचा. पिल्ले वाढली, मासा वाढला, भाव कोसळले, तेव्हा १९९० मध्ये संघाने भाव धरून ठेवण्यासाठी हजारो टन मासा गोठवून ठेवला. गोठवलेला मासा विकला गेला नाही आणि १९९१ च्या नोव्हेंबरात संघाचे दिवाळे निघाले. एकाधिकार खरेदीचा अनुभव घेतलेल्यांना ही कथा ओळखीची वाटेल, तिच्यावर जास्त शाई घालवत नाही.

त्याच १९९१ मध्ये तिथला मालकीचा कायदाही बदलला. तोवर एका मालकाकडे बहुमताची मालकी साधारण एकाच परवान्याची असे. ती अट गेली आणि लहान शेते मोठ्यांच्या पोटात जाऊ लागली. आज नॉर्वे वर्षाला सुमारे १५ लाख टन सॅमन पिकवतो, जगातल्या पिंजऱ्यातल्या अटलांटिक सॅमनच्या निम्म्याहून जास्त. त्यातला मोठा वाटा मोजक्या कंपन्यांचा आहे. मोवी ही एकटी कंपनी सगळे देश मिळून २०२४ साली जवळपास ५ लाख टन मासा काढत होती. हित्रा बेटावरच्या दोन भावांपासून ही मजल.

हे दिव्याने केले असे मी म्हणणार नाही. कायदा, भांडवल, बँका, रोग, सगळ्यांचा त्यात हात आहे. पण दिवा लहान शेतकऱ्याला वाचवू शकला नाही हेही तितकेच खरे. पहिले दोन-चार वर्षे ज्याने दिवे लावले त्याला फायदा. मग सगळ्यांनी लावले, सगळ्यांचा मासा वर्षभर येऊ लागला, आणि दिवा हा नफा न राहता खर्चाची बाब झाला. न लावणारा मात्र बुडाला. हायब्रीड, बीटी, ठिबक, नवीन तंत्राची गोष्ट बहुतेक अशीच चालते. म्हणून तंत्र नाकारावे असे म्हणणाऱ्यांत मी नाही. न लावणारा आधी बुडतो, हे वर लिहिलेच आहे.

एका गोष्टीचा मात्र मला हेवा वाटतो. नॉर्वेतून जो मासा परदेशी जातो त्याच्या किमतीवर ०.३ टक्के आकार घेतात आणि तो पैसा या धंद्याच्या स्वतःच्या संशोधन निधीत जातो. आज कोणता प्रश्न तपासायचा हे ठरवताना मासेवाल्याचा आवाज तिथे असतो, आणि चाचणी खऱ्या पिंजऱ्यात होते. आपल्याकडे बाजार समितीत शेतमालावर सेस कापला जातो. त्या पैशातून आपल्या तालुक्यात कोणता प्रयोग झाला, हे एखाद्या वाचकाला माहीत असेल तर जरूर कळवावे.

ज्वारीचे घड्याळ

घड्याळाशी खेळ करणे परदेशातच चालते असे नाही. आपल्या घरात ते साठ वर्षांपूर्वी होऊन गेले. जुनी खरीप ज्वारी मृगात पेरली तरी दिवस आखडेपर्यंत पोटरीवर यायची नाही. पाऊस परतीला लागला की निसवायची आणि कोरड्या हवेत दाणा भरायची. उंच वाढायची, कडबा भरपूर. १९६४ साली सीएसएच-१ हा संकरित वाण आला. त्याला दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा नाही. शंभर-एकशेदहा दिवसांत तयार. उतारा किती तरी जास्त, त्याबद्दल वाद नाही. पण दाणा भरायचा तो भाद्रपदाच्या पावसात. कणसावर बुरशी, दाणा काळा, आणि बाजारात काळ्या ज्वारीचा भाव किती पडतो हे तुम्ही मला सांगावे. कडबाही आखूड. माझे वडील म्हणायचे, "हायब्रीडनं पोतं दिलं अन् बैल उपाशी ठेवला." कृषी महाविद्यालयात शिकताना मला हे वाक्य अडाणीपणाचे वाटायचे. पदवी घेऊन दहा वर्षे झाल्यावर कळले की अंग विकायचे की बी विकायचे, हाच हिशेब ते मांडत होते. ज्याच्या दावणीला बैल आहे त्याला ज्वारीचे अंगही हवे असते.

रब्बीत मात्र मालदांडी टिकली. मोहोळच्या केंद्रावर १९३० च्या दशकात निवडलेली ३५-१ आजही लोक पेरतात. तिचे दिवस मोजणे कोणी काढून घेतले नाही, आणि पेरणीची तारीख चुकली तर ती शेतकऱ्याला माफही करत नाही.

दोन्हींत फरक काय झाला तो बघा. ज्वारीच्या अंगातले घड्याळ पैदासकारांनी काढून टाकले आणि पाऊस कधी थांबतो हे विचारायचे राहून गेले. सॅमनच्या अंगातले घड्याळ तसेच ठेवले आणि बाहेरून काटा फिरवला. चुकले तर दिवा मालवता येतो. बियाण्यातून गेलेले घड्याळ मालवता-पेटवता येत नाही.

सध्या गावोगाव 'वाढ संजीवके' विकणारी मुले मोटारसायकलवर फिरत आहेत. फोटोत एक हिरवेगार झाड, शेजारी एक पिवळे. काकांच्या वावरातही तोच फोटो निघाला असता, हिरवेगार दिव्याखालचे आणि पिवळे शेंगांनी लदलेले. त्या मुलांशी भांडू नका, तीही आपलीच मुले आहेत. फवारणी किती दिवसांच्या पिकावर, ओल किती असताना, आणि वजन पानाचे केले की बोंडाचे, एवढे विचारा. शेजारी बिनफवारणीच्या चार ओळी ठेवू देता का, हेही विचारा. नॉर्वेच्या दिव्याला जे प्रश्न विचारले गेले तेच बाटलीलाही विचारायला हरकत नाही.

काकांचे पुढे असे झाले. ग्रामपंचायतीत अर्ज दिला, तो अजून टेबलावर आहे. मग त्यांनी सरपंचाला सांगून, स्वतःच्या खर्चाने, वावराच्या बाजूला पत्र्याचा आडोसा लावून घेतला. यंदा सोयाबीन पेरले तेव्हा मी त्यांना म्हटले, "काका, एका टोकाला आडोसा थोडा आखूड ठेवा, चार तासं उजेडात राहू द्या." ते हसून म्हणाले, "म्हंजे पुन्हा नुकसान करून घेऊ?" मग थोडा विचार करून, "बरं, चार चालतील." आडोशामागची झाडे श्रावणातच फुलावर आली. उजेडातली चार तासं अजून नुसतीच वाढताहेत. शेंगा मोजून आकडे जिल्ह्याच्या बैठकीत ते स्वतः मांडणार आहेत.